सिमेंटचा पत्रा, त्याची धूळ आणि कायदा

(बी. ए. भाग दोन)

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती, त्यामुळे दहावी-बारावीचा माझा सारा अभ्यास तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयात झाला. त्या वाचनालयावर सिमेंटचे पत्रे होते. एका चैत्रात गारपीट झाली आणि दोन पत्रे फुटले. दुसऱ्या दिवशी शिपाईकाका व मी मिळून तुकडे उचलले, कोरड्या झाडूने भुकटी झाडली आणि पुस्तकांवरची राखाडी धूळ फडक्याने झटकली. आपल्या हातून एक चांगले काम झाले, असेच तेव्हा वाटले.

ती धूळ कशाची होती, हे यंदा भूगोलाच्या तासाला कळले. खनिजांचा पाठ चालू असताना सरांनी सहज सांगितले की, सिमेंटचा पत्रा म्हणजे नुसते सिमेंट नव्हे, त्यात ॲस्बेस्टॉस असते. ते ऐकून मला वाचनालयाआधी माझे वडील आठवले. त्यांनी पंधरा-सोळा वर्षे ठेकेदारांच्या हाताखाली हेच पत्रे कापण्याचे व चढविण्याचे काम केले आहे. म्हणून या विषयाची मिळेल ती माहिती मी गोळा केली. तीच येथे वाचकांपुढे ठेवीत आहे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पूर्वी घरावर कवेलू असत. ती दरवर्षी फेरावी लागत, आणि वानरांची टोळी एकदा घरावरून गेली की पावसाळ्यात घरात पाणी ठरलेले. टिन उन्हाळ्यात तापते आणि गंजते. सिमेंटचा पत्रा मात्र स्वस्त, न गंजणारा आणि वर्षानुवर्षे टिकणारा. त्यामुळे घर, गोठा, शाळेची खोली, बाजाराची ओटी, वाचनालय, सगळीकडे तो पोहोचला. गरिबाच्या डोक्यावर त्याने छप्पर दिले, हेही मान्य केले पाहिजे.

ॲस्बेस्टॉस हे कारखान्यात तयार केलेले रसायन नसून जमिनीतून निघणारे खनिज आहे. इतर दगड फोडला तर त्याचे कण होतात, याचे मात्र धागे निघतात. हे धागे जळत नाहीत, कुजत नाहीत आणि ओढले तर सहज तुटत नाहीत. सिमेंटमध्ये वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतके ते मिसळले की पातळ पत्राही मजबूत होतो. परंतु ज्या गुणामुळे पत्रा टिकतो, तोच गुण माणसाच्या मुळावर येतो. धाग्याचे उभे उभे बारीक तंतू होत जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासाबरोबर थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तेथे विरघळत नाहीत. शरीरातील ज्या पेशी बाहेरचा कण गिळून टाकतात, त्यांना लांब तंतू गिळता येत नाही. त्या स्वतःच मरतात. तेथे दाह होतो, व्रण पडतात आणि हळूहळू फुफ्फुस कडक होते. या रोगाला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. याखेरीज फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोगही या तंतूंमुळे होतो. ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांमुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. ॲस्बेस्टॉसिसने कडक झालेले फुफ्फुस पूर्ववत करणारे औषध नाही.

येथे कोणी घाबरून आजच घरावरचा पत्रा फोडू नये. धड पत्र्यातील तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. पत्रा करवतीने कापला, छिद्र पाडले, फोडला किंवा ऊनपावसाने तो जुना होऊन भुरभुरू लागला, तरच ते हवेत येतात. धोका किती, हे किती धूळ आणि किती वर्षे गेली त्यावर ठरते. एका गारपिटीची धूळ आणि पंधरा वर्षांची करवत यांत म्हणूनच फार मोठा फरक आहे.

या रोगाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्याचा संथपणा. धूळ आज गेली तर आजार बहुधा वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतो. तोवर काम सुटलेले असते, ठेकेदार गेलेला असतो आणि हजेरीची वही वाळवीने खाल्लेली असते. भरपाईचा सगळा घोटाळा येथेच आहे.

इंग्लंडमधील रॉचडेल गावी नेली केर्शॉ ही स्त्री ॲस्बेस्टॉसचे सूत काढणाऱ्या गिरणीत कामाला होती. १९२४ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी ती मरण पावली. ॲस्बेस्टॉसमुळे मृत्यू झाल्याची वैद्यकीय ग्रंथांत नोंद झालेली ही पहिली व्यक्ती. गिरणीने तिला भरपाई नाकारली, कारण असा रोग तेव्हा कायद्याच्या यादीतच नव्हता. पुढे सरकारी चौकशी झाली आणि १९३१ साली तेथे धुळीविषयी नियम झाले. त्या देशात १९९९ पासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे. परंतु जुन्या शाळा, कचेऱ्या, ग्रंथालये यांच्या छतात, नळांच्या वेष्टनात, फरशीत ते अजून आहे. म्हणून अशा इमारतीत ते कोठे व कोणत्या स्थितीत आहे याची नोंद ठेवण्याचे बंधन इमारत सांभाळणाऱ्यावर आहे. गवंड्याने भिंतीला हात लावण्यापूर्वी ती नोंद पाहायची असते.

आपल्या देशातही ही लढाई झालेली आहे. अहमदाबादच्या कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेने १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल लागला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. ज्या कामगारांना ॲस्बेस्टॉसिस झाल्याचे तपासणीत ठरेल, त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. शिवाय कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे, किंवा काम सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी, असे सांगितले. रोगाचा संथपणा न्यायालयाने ओळखला होता, हे या चाळीस वर्षांवरून दिसते. २०११ साली मात्र ॲस्बेस्टॉसवर बंदी घालण्याची मागणी त्याच न्यायालयाने मान्य केली नाही. १९९५ चे निर्देश पाळा, एवढेच पुन्हा बजावले.

भरपाईचा मूळ कायदा १९२३ चा. त्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत ॲस्बेस्टॉसिसचा समावेश होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली असून तिच्या यादीतही हा रोग आहे. म्हणजे नेलीला जी अडचण आली ती आपल्याकडे नाही. रोग यादीत आहे. यादीत नसतो तो माणूस.

मुंबईतील ॲस्बेस्टॉसच्या एका कारखान्यात १८१ कामगारांची तपासणी झाली तेव्हा २२ टक्क्यांना ॲस्बेस्टॉसिस आढळला. २००५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कारखान्यात निदान कामगारांची मोजदाद तरी करता येते. छपरावरच्या माणसाची मोजदाद कोण करणार? गेल्या वर्षी वडिलांचा खोकला थांबेना, म्हणून त्यांना दवाखान्यात नेले. क्षय निघाला नाही. डॉक्टरांनी विचारले, "आजवर कुठे, कोणते काम केले?" वडील नुसते हसले. घरी आल्यावर मला म्हणाले, "धूळ त साऱ्याच कामात रायते, बापू. कोणत्या कामाची सांगू?" त्यांना ॲस्बेस्टॉसिसच आहे असे माझे म्हणणे नाही. ते ठरविणे डॉक्टरांचे काम. परंतु उद्या तसे ठरलेच, तर पंधरा वर्षांच्या मजुरीचा एक कपटाही आमच्या घरी नाही.

याला काही उपाय आहे का? राजस्थान सरकारने २०१९ साली धुळीमुळे होणाऱ्या फुफ्फुसरोगांसाठी धोरण आणले. त्यात रोग प्रमाणित झाल्यावर तीन लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपये सरकारी निधीतून मिळतात. मालक कोण होता, हे सिद्ध करीत बसावे लागत नाही. असे धोरण आपल्याकडेही व्हावयास हवे. तोवर निदान बांधकाम कामगार मंडळातील नोंदणी तरी प्रत्येकाने करावी. मागील वर्षातील नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला त्यासाठी लागतो, आणि तो दाखला हाही एक कागदच असतो.

वाचनालयांनी व शाळांनी करण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. पत्रा फुटल्यास तुकडे व भुकटी पाण्याने भिजवावी, कोरडा झाडू मारू नये. पत्रा करवतीने कापू नये. ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके पुन्हा वापरू नये. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधून वेगळे ठेवावेत, रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून टाकू नयेत. नुसते पाहून पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे सांगता येत नाही, म्हणून जुना पत्रा असला तर आहे असेच धरून चालावे. आणि पत्रे कधी बसविले, कधी फुटले, कोणी बदलले, हे एका वहीत लिहून ठेवावे.

दिवाळीच्या सुटीत मी घरी अशीच एक वही केली. वडिलांना साल आठवत नाही. आईला मात्र आठवते: ताईचे लग्न झाले त्या वर्षी कोणत्या गावची शाळा, मोठा पूर आला तेव्हा कोणते गोदाम. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. बरोबर काम केलेल्या तिघांची नावेही लिहिली. त्यांतील एक आता हयात नाही. ही वही कोणी पुरावा म्हणून मानील की नाही, हे मला ठाऊक नाही. पण डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर या वेळी उत्तर देता येईल.

आपल्या वर्गात माझ्यासारखे अनेकजण आहेत, ज्यांचे आईवडील खाणीत, भट्टीवर, छपरावर राबले. आपण लिहावयास शिकलो आहोत. त्यांचे काम त्यांच्या हयातीतच लिहून घ्यावे, एवढीच माझ्या मित्रमैत्रिणींना विनंती.