क्रँक तरंगतो तेलावर

मलकापूरहून मोताळामार्गे बुलढाण्याला निघालेला भरलेला ट्रक राजूर घाट चढू लागला की त्याच्या इंजिनात काय चाललेलं असतं, याची कल्पना करून बघा. डिझेलच्या प्रत्येक स्फोटासरशी एकेका पिस्टनवर दहा टनांहून अधिक जोर येतो. तो सगळा कनेक्टिंग रॉडमधून क्रँकवर उतरतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये असतो तो फक्त ऑइलचा थर, आपल्या केसापेक्षाही कितीतरी पातळ. एवढा भार पेलूनही धातूला धातू लागत नाही.

मग वाटतं, ही करामत ऑइल पंपाची असावी. पण केबिनमधला काटा तर जेमतेम तीन-चार बार दाखवतो! तेवढ्यावर दहा टन कसे उचलले जातील?

याचं उत्तर सापडलं इंग्लंडमध्ये, रेल्वेच्या आसांचा अभ्यास करताना. बोशँप टॉवर या इंजिनिअरने बेअरिंगला वरून भोक पाडलं होतं. आस फिरू लागला की त्यातून तेल उसळून वर येई. बूच ठोकलं, तर तेही बाहेर ढकललं गेलं. शेवटी त्याने तिथे दाब मोजायचं मीटर लावलं, तर दाब भाराच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त निघाला. हा अहवाल 1883 चा. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्यामागचं गणित 1886 मध्ये मांडलं. फिरणारा आस स्वतःच तेल अरुंद फटीत ओढून नेतो आणि स्वतःला उचलून धरणारा दाब तयार करतो. पंपाचं काम तिथवर तेल पोचवण्याचं. मला तरी यंत्रशास्त्रात याहून सुंदर गोष्ट माहीत नाही.

म्हणून काट्याकडे बघायचं ते तेल पोचतंय ना, यासाठी. गार इंजिनात तेल दाट, काटा वर. तापलेल्या इंजिनात, स्लोवर, तो खाली येणारच. पण बेअरिंग झिजून फट वाढली, तर तेल सहज निसटतं आणि काटा नेहमीपेक्षा खाली राहू लागतो. चेंबरात तेल कमी असेल, तर चढावर ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो.

नांदुरा-खामगाव रस्त्यावर ढाब्यापाशी गाडी थांबली की क्लीनर तेल मोजायची पट्टी काढतो. गाडी सपाटीवर हवी, आणि वर चढलेलं तेल चेंबरात उतरायला दहा-पंधरा मिनिटं द्यायला हवीत. पट्टी पुसून पुन्हा बुडवायची, मग वाचायची. तेल दोन खुणांच्या मध्ये असावं. वरच्या खुणेपलीकडे भरलं, तर क्रँक ते घुसळून फेस करतो.

तेल काळं दिसलं म्हणून लगेच बाद करायचं नाही. डिझेल जळताना काजळी होतेच. तेलातली रसायनं तिचे कण सुटे धरून ठेवतात, गाळ बसू देत नाहीत. काळं तेल म्हणजे काम करणारं तेल. अर्थात ठरलेल्या किलोमीटरला बदलायचंच. भीती वाटावी ती पट्टीवर दुधाळ रंग दिसला तर, कारण रेडिएटरचं पाणी आत शिरलेलं असू शकतं. न टाकताच तेल वाढलं, पातळ झालं, डिझेलचा वास आला, तर डिझेल मिसळतंय.

आणि चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन तिथेच बंद करावं. सेन्सर खोटं बोलत असेलही. त्याच्या जागी साधं दाबमीटर लावून मेकॅनिक ते तपासतो, पण तोवर चावी फिरवू नये.