पाटाच्या पाण्यामागून

कोपरगाव, श्रीरामपूर किंवा माळशिरस तालुक्यातल्या जुन्या बागाईतदार घरात बसा. गिरमे, बोरावके, राऊत अशी आडनावं निघतात आणि मूळ गाव विचारलं की बहुतेकदा एकच उत्तर मिळतं : सासवड. पुरंदरच्या कऱ्हेकाठचं हे गाव. पाऊस बेताचा, विहिरी खोल, पण मोटेच्या पाण्यावर मळा पिकवण्यात इथल्या माळी समाजाचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांच्याकडे कसब होतं, पाणी नव्हतं. कालवे आल्यावर पुढच्या पन्नास वर्षांत ही घरं पाण्यामागून निघाली, आणि दख्खनच्या ऊसपट्ट्याचा इतिहास त्यांच्या बैलगाड्यांच्या चाकोरीतून घडला.

नीरेचा डावा कालवा १८८५च्या सुमारास वाहू लागला. तो दुष्काळावरचा उपाय म्हणून खोदलेला, पण बारामती-इंदापूरकडचे शेतकरी त्याचं पाणी घ्यायला बिचकत. बरं पाऊसमान झालं की ज्वारी-बाजरी तशीही येई. मग पाणीपट्टी कशाला भरायची? शिवाय काळ्या रानाला सतत पाणी दिलं तर ते बिघडेल, ही धास्ती होतीच. ऊस म्हणजे तर जुगार. बेणं, पेंडखत, मजुरी हे सगळं आधी घालायचं आणि वर्ष-दीड वर्षाने गुळाचे पैसे बघायचे. हा जुगार सासवडकर खेळले. त्यांनी स्थानिकांच्या जमिनी खंडाने घेतल्या, आडत्याकडून उचल घेतली आणि गुऱ्हाळं उभी केली. १९१६ मध्ये दारणा धरण झालं तेव्हा काही कुटुंबं गोदावरीच्या कालव्यांवर गेली, आणि १९२६ मध्ये भंडारदरा पुरं झाल्यावर प्रवरेवर. भाटघरचं नवं धरण झालं आणि नीरेचा उजवा कालवा फलटण-माळशिरसच्या माळावर पोहोचला, तेव्हा तिकडेही पालं पडली.

या घरांच्या आठवणींना एक ठरलेला साचा आहे. गाडीत बाजरीची पोती, पाभर-कुळव, बांधून घेतलेलं बेणं, पहिला पावसाळा छपरात, हिवतापाने अंथरुणाला खिळलेली माणसं, रात्रीच्या पाळीला कंदील घेऊन दारं धरणं, पाटकऱ्याची मनधरणी. पुरुषांच्या तोंडी भावाचे आकडे येतात, कुठल्या साली ढेप काय दराने गेली ते. बायकांच्या तोंडी वेगळंच येतं. चुलवाणाच्या धगीत शेकलेले डोळे, गुऱ्हाळावरच्या वीस माणसांच्या भाकरी, माहेर दोन मुक्कामांवर राहिल्याची बोच. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे गुळव्या सांगे, पण मळा कुणाच्या कष्टावर उभा राहिला हे या आठवणी नीट ऐकल्या की कळतं. घराण्यांच्या छापील इतिहासात मात्र त्यांना फारशी जागा मिळत नाही.

१९२९ नंतरच्या मंदीत गुळाचे भाव कोसळले. खंड, पाणीपट्टी आणि उचल यांच्या कात्रीत मळे सापडले. त्याच सुमारास, १९३२ मध्ये, सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि देशात साखर कारखान्यांची लाट आली. सासवडच्या माळ्यांनी त्याच वर्षी स्वतःचं भागभांडवल गोळा करून कंपनी काढली. अकलूजजवळच्या माळावर दि सासवड माळी शुगर फॅक्टरी उभी राहिली आणि वस्तीचं नाव पडलं माळीनगर. ऊस पिकवणाऱ्यांनीच काढलेला हा कारखाना प्रवरेच्या सहकारी कारखान्याच्या आधीचा. प्रवरेचा कारखाना उभारणाऱ्या विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचं नाव सर्वतोमुखी आहे आणि ते योग्यच आहे. पण शेतकरी कारखाना चालवू शकतो, हे माळीनगरने प्रवरेच्या पहिल्या गाळपाआधी जवळजवळ दीड तप दाखवून दिलं होतं. आज तुकोबांच्या पालखीचं उभं रिंगण माळीनगरला होतं. शंभर वर्षांपूर्वी जिथे ओसाड माळ होता, तिथे.

‘ओसाड माळ’ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. पुढे गेलेल्या प्रत्येक वसाहतकऱ्याला आपल्या आधीची भूमी ओसाडच दिसते. त्या जमिनीला धनी होता, तिच्यावर गुरं चरत होती. साखर कंपन्यांनी अनेक गावांत शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा आला, कारखान्यांच्या जमिनी १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या, आणि खंडाने दिलेली जमीन मूळ मालकाला परत मिळेना. या मूळ मालकांच्या, म्हणजे खंडकऱ्यांच्या, दोन-तीन पिढ्या मोर्चात आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर गेल्या. एकविसाव्या शतकाचं पहिलं दशक उलटल्यावर जमिनी परत मिळू लागल्या. त्या घरांच्या आठवणींत पाट हा सुबत्तेचा नाही, ताटातुटीचा आहे.

तिसरी आठवण जमिनीची. जुन्या शेतकऱ्याची धास्ती खोटी नव्हती. निचरा नसलेली काळी रानं पाणथळ झाली, वर क्षार फुलले, चोपण झालं. १९१६ मध्ये पुण्यात सिंचनाचा खास विभाग निघाला तो दख्खनच्या कालव्यांच्या अशाच प्रश्नांसाठी, आणि त्यातूनच आजचं खडकवासल्याचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र वाढलं. बागाईतदारांच्या गौरवग्रंथात चोपण जमिनीवर प्रकरण सहसा नसतं.

सासवडकरांचं धाडस यामुळे उणं होत नाही. उधारीवर ऊस लावून परक्या मुलखात टिकणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण एकाच पाटाच्या एका काठावर बागाईतदाराचं घर आहे, दुसऱ्या काठावर खंडकऱ्याचं, आणि खाली टेलला ऊसतोड मजुराची खोप. तिघांच्या आठवणी एकत्र वाचल्या तरच पाटाचा इतिहास पुरा होतो. गुऱ्हाळ, खंड आणि पाळीच्या रात्री पाहिलेली पिढी आता नव्वदीकडे झुकली आहे. या दिवाळीत गावी गेलात तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, वही उघडा, आणि पहिला प्रश्न आजोबांना नको, आजीला विचारा.