माध्यमिक शाळांतील क्रीडाखर्च आणि मैदानांचा सामायिक वापर : भिवंडी शहराच्या संदर्भात

प्रस्तावना :

शालेय खेळांच्या खर्चाची चर्चा निघाली की ती बहुधा चेंडू, जाळी, गणवेश आणि प्रवासभाडे यांभोवती फिरते. हा खर्च डोळ्यांना दिसणारा आहे. त्याची पावती असते आणि लेखापरीक्षकापुढे तो मांडता येतो. मैदान मात्र शाळेच्या जमाखर्चात सहसा दिसत नाही. जागा संस्थेच्या मालकीची असेल तर ती फुकट मिळाल्यासारखी धरली जाते, आणि नसेल तर तो विषयच वगळला जातो. वास्तविक शहरातील शालेय क्रीडेचा सर्वांत मोठा खर्च जमिनीचा आहे. प्रस्तुत लेखात भिवंडी शहराच्या संदर्भात या खर्चाचे स्वरूप आणि एका शाळेचे मैदान दुसऱ्या शाळेने वापरण्यातील आर्थिक व व्यावहारिक प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

शहर आणि मैदान :

२०११ च्या जनगणनेनुसार भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या हद्दीत ७,०९,६६५ लोक राहत होते. महानगरपालिकेचे क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे प्रत्येक चौरस किलोमीटरमध्ये सव्वीस-सत्तावीस हजार माणसे. यंत्रमागाचे कारखाने आणि वस्ती येथे एकमेकांना खेटून वाढली. शहराबाहेर माणकोली, काल्हेर, राहनाळ, पूर्णा या पट्ट्यात गोदामे उभी राहिली आणि तिकडील मोकळ्या जमिनीचीही किंमत त्या हिशेबाने ठरू लागली. अशा शहरात शाळेला नव्याने मैदान मिळवून देणे हे कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या आवाक्याबाहेरचे आहे. सार्वजनिक मैदान म्हणून महानगरपालिकेच्या परशुराम टावरे स्टेडियमचे नाव घेतले जाते. परंतु स्पर्धा, सराव आणि सभा-समारंभ असे सारेच एका मैदानाकडे पाहू लागले तर शाळेच्या रोजच्या तासिकेला तेथे जागा उरणे कठीण.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत शाळेसाठी मैदान आवश्यक ठरविले आहे. ते किती मोठे असावे, हे मात्र त्या अनुसूचीत सांगितलेले नाही. त्यामुळे दोन इमारतींमधील फरसबंद चौकही कागदोपत्री मैदान ठरू शकतो. २०२३ मध्ये हरियाणातील एका गावच्या शाळेच्या जागेवरील अतिक्रमणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मैदानाविना शाळा असू शकत नाही, अशी भूमिका घेतली. तत्त्व निःसंदिग्ध आहे. मात्र अतिक्रमण हटविले की मैदान मोकळे होते. जेथे मोकळी जागा कधी नव्हतीच, त्या शाळेने काय करावे, याचे उत्तर या तत्त्वातून मिळत नाही.

येथे खेळांच्या मापांकडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल. पुरुष व कुमार गटाचे कबड्डीचे क्रीडांगण १३ × १० मीटर, महिलांचे १२ × ८ मीटर, खो-खोचे २७ × १६ मीटर आणि व्हॉलीबॉलचे १८ × ९ मीटर असते. भोवतालची मोकळी जागा धरूनही हे खेळ मध्यम आकाराच्या आवारात बसतात. याउलट फुटबॉलसाठी साधारण १०५ × ६८ मीटर जागा लागते आणि ४०० मीटरची धावपट्टी त्याहूनही मोठी जागा व्यापते. म्हणून ‘मैदान सामायिक करा’ असे सरसकट म्हणण्यात फारसा अर्थ नाही. कबड्डी आणि खो-खो यांसाठी शेजारच्या शाळेचे आवार पुरते. मैदानी स्पर्धांसाठी सार्वजनिक क्रीडासंकुलाला पर्याय नाही.

पैसा कोठून येतो :

अनुदानित शाळेतील क्रीडाशिक्षकाचे वेतन शासन देते. उर्वरित खर्चासाठी माध्यमिक शाळा संहितेतील सत्र शुल्क आणि शासनाचे वेतनेतर अनुदान हे दोन प्रमुख आधार होत. सत्र शुल्काची रक्कम अल्प असते आणि खेळाबरोबरच इतर शालेय उपक्रमही तिच्यातूनच भागवायचे असतात. वेतनेतर अनुदान २००४ पासून बंद राहिले व ते पुन्हा सुरू करण्याचा निर्णय २०१३ मध्ये झाला. मधल्या काळात वीजबिल आणि खडू यांनाच प्राधान्य मिळाले असणार, हे सांगण्यास संशोधनाची आवश्यकता नाही.

केंद्र शासनाने २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजनेत क्रीडासाहित्यासाठी वार्षिक अनुदानाची तरतूद केली : प्राथमिक शाळेस ५,००० रुपये, उच्च प्राथमिक शाळेस १०,००० रुपये आणि माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळेस २५,००० रुपयांपर्यंत. ही तरतूद शासकीय शाळांसाठी होती. महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा फार मोठा भार खाजगी अनुदानित संस्था वाहतात. म्हणजे ज्या शाळांत आठवी ते दहावीची बहुसंख्य मुले शिकतात, त्यांतील बहुतेक शाळा या तरतुदीच्या कक्षेबाहेर राहिल्या.

शालेय स्पर्धांची रचना खर्चात आणखी भर घालते. १४, १७ व १९ वर्षांखालील गटांच्या स्पर्धा महानगरपालिका पातळीवरून विभाग, राज्य व राष्ट्रीय पातळीपर्यंत जातात. संघ जिंकत गेला की प्रवास वाढतो. खर्चाच्या दृष्टीने पाहता शाळेला विजयच महाग पडतो. त्यातच स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. कोकणातील पावसात मातीचे क्रीडांगण आठवडेच्या आठवडे निरुपयोगी असते. साहजिकच छताखालची जागा आणि मॅट यांची गरज भासते, आणि मॅट ही एकट्या शाळेने विकत घ्यावी अशी वस्तू नव्हे.

सामायिक वापराचा हिशेब :

एकमेकांच्या सुविधा वापरण्याची कल्पना नवी नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळा संकुलाची शिफारस केली होती आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तिचा पुनरुच्चार आहे. (२०२३ मध्ये महाराष्ट्रात ‘समूह शाळा’ हा शब्द कमी पटाच्या शाळांच्या एकत्रीकरणाशी जोडला गेला, त्यामुळे शिक्षकवर्गात या शब्दाविषयी शंका निर्माण झाली. येथे अभिप्रेत असलेला विचार त्याहून वेगळा आहे : शाळा स्वतंत्रच राहतील, केवळ मैदान सामायिक असेल.) साठ वर्षांत ही कल्पना सर्वत्र का रुजली नाही, याचे कारण सद्भावनेच्या अभावात शोधले जाते. अधिक खरे कारण असे की सामायिक वापराचा लाभ पाहुण्या शाळेला मिळतो आणि त्याचा खर्च यजमान शाळेवर पडतो.

हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका शाळेला मैदानावर वर्षाला १,८०,००० रुपये खर्च येतो. पाणी, मातीभराई, कुंपणदुरुस्ती, पहारेकरी हे सर्व त्यात आले. दुसऱ्या कोणी मैदान वापरले अथवा न वापरले, तरी हा खर्च टळत नाही. आता तीन शेजारी शाळा मिळून वर्षाला ४०० तास हे मैदान वापरू लागल्या. त्यामुळे पहारेकऱ्याचे जादा तास, स्वच्छतागृहांची सफाई आणि झीज यांपोटी ५०,००० रुपये वाढले. हा वाढीव खर्च तासाला १२५ रुपये पडतो; तो तिघींनी वाटून घेतल्यास प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला १६,७०० रुपयांच्या आत रक्कम येते. हाच एकूण २,३०,००० रुपयांचा खर्च चौघींनी समान वाटला, तर प्रत्येकीस ५७,५०० रुपये द्यावे लागतील आणि पाहुण्या शाळा माघार घेतील. उलट काहीच आकारले नाही, तर यजमान शाळा वर्षभरात दरवाजा बंद करील. वाढीव खर्च, तेवढाच आणि वेळेवर, हे शुल्काचे रास्त सूत्र होय.

या सूत्राला खरा धोका बाजारभावाचा आहे. भाड्याच्या टर्फवर तासाला मिळणारी रक्कम संस्थाचालकांना ठाऊक असते. लग्नसमारंभाचे एका रात्रीचे भाडे शाळांच्या वर्षभराच्या शुल्काची बरोबरी करू शकते. मैदान एकदा उत्पन्नाचे साधन मानले गेले की तेथे शेजारच्या शाळेची मुले सर्वांत गरीब गिऱ्हाईक ठरतात.

परदेशातील अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७८ मध्ये मालमत्ता करावर मर्यादा आली आणि शाळांनी खेळ व संगीत यांसाठी विद्यार्थ्यांकडून शुल्क घेण्यास सुरुवात केली. १९८४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे शुल्क राज्यघटनेतील मोफत शिक्षणाच्या हमीशी विसंगत ठरविले. खेळ हा शिक्षणाचाच भाग आहे आणि आर्थिक अडचण ही सबब होऊ शकत नाही, असा त्याचा आशय होता. जपानने १९६१ च्या क्रीडा प्रोत्साहन कायद्यातच शाळांच्या क्रीडासुविधा इतरांना खुल्या करण्याची तरतूद केली आणि २०११ च्या मूलभूत कायद्यात ती कायम ठेवली.

वेळ, करार आणि विश्वास :

‘शाळा सुटल्यावर मैदान रिकामे असते’ हे विधान भिवंडीत पूर्णतः लागू पडत नाही. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत सकाळचे वर्ग सुटताच दुपारचे भरतात. मैदानावरील गलक्याचा वर्गाला त्रास होतो आणि सायंकाळी सहानंतर दिव्यांचा खर्च येतो. खरोखर उपलब्ध वेळ म्हणजे पहाट, रविवार आणि सुट्टीचे दिवस. त्यामुळे एक सत्र चालविणाऱ्या शाळांची मैदानेच सामायिक वापरास अधिक सोयीची आहेत.

कायद्याच्या बाजूने अडचण वाटते तेवढी मोठी नाही. बहुतेक संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या आहेत. त्या अधिनियमाच्या कलम ३६ नुसार विश्वस्त संस्थेची इमारत अथवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. ठरावीक तासांच्या वापराची, वर्षाच्या मुदतीची लेखी परवानगी हा भाडेपट्टा नव्हे. त्या कागदावर वेळ, शुल्क, उपस्थित राहणारा शिक्षक आणि दुखापत झाल्यास जबाबदारी कोणाची, एवढे नमूद असले तरी निम्मे वाद टळतील.

उरतो विश्वासाचा प्रश्न. या शहरात मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती व तेलुगू माध्यमांच्या शाळा आहेत आणि माध्यमाबरोबर बहुधा मोहल्लाही बदलतो. १९७० व १९८४ च्या दंगलींची स्मृती येथे पुसलेली नाही. मात्र १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या स्थापन झाल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, हेही याच शहराचे वास्तव आहे. आसपासच्या चार शाळांचे क्रीडाशिक्षक महिन्यातून एकदा बसून वेळापत्रक ठरवितात, ही त्या मानाने फारच साधी अपेक्षा आहे.

वेळापत्रक ठरविताना मुलींचे तास प्रथम राखून ठेवणे आवश्यक आहे. मुलगे गल्लीत, रस्त्यावर, गोदामाच्या कडेलाही खेळून घेतात. मुलींचा खेळ कुंपण, स्वच्छतागृह आणि सोबत शिक्षिका असलेल्या जागेवरच अवलंबून असतो, आणि अशी जागा शाळेबाहेर त्यांना क्वचितच मिळते. उरलेली वेळ मुलींना देण्याची पद्धत पडली, तर त्यांच्या वाट्याला पहाट आणि अंधार येईल. त्या वेळी पालक मुलीला घराबाहेर पाठविणार नाहीत आणि नोंदवहीत मात्र ‘मुलींचा प्रतिसाद नाही’ असा शेरा पडेल.