गर्जणारा धूर

झांबेझी नदीचा प्रपात पाहण्याचा योग आम्हांस ऑक्टोबर महिन्यांत आला. चिरंजिवांना रजा तेव्हांच मिळत होती. नदीची सवड कोणीं विचारांत घेतली नाहीं. प्रपाताजवळ ही नदी म्हणजे झांबिया व झिंबाब्वे ह्या देशांची सीमाच आहे. उत्तर तीर पहिल्याचा, दक्षिण तीर दुसऱ्याचा.

आंबोलीस पाणी डोंगरकड्यावरून खालीं येतें तसा येथील प्रकार नव्हे. सपाट भुईस आडवी भेग पडावी आणि १७०८ मीटर रुंदीची सबंध नदी तींत गडप व्हावी, असें तें दृश्य आहे. खोली १०८ मीटर. खडक आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा, काळा बसाल्ट. त्याच्या भेगांतील मऊ भाग पाण्यानें कोरून काढला आणि प्रपात एकेक भेग मागें सरत आला. त्यानें सोडलेल्या जुन्या घळी खालच्या अंगास नागमोडी पसरल्या आहेत. भेगेपलीकडे तितक्याच उंचीचा कडा असल्यामुळें पाहणारा प्रपाताच्या माथ्याशीं समोरासमोर उभा राहतो.

आम्ही प्रथम झांबियाच्या बाजूस गेलों आणि पाहतों तों समोर कोरडा कातळ! एप्रिलच्या सुमारास नदी भरास येते, ऑक्टोबर-नोव्हेंबरांत रोडावते, आणि पूर्वेकडील हा भाग तर जवळजवळ आटतोच, हें ज्ञान आम्हांस तेथें उभ्या उभ्या झालें. मंडळींनीं एवढेंच विचारलें, "अहो, ह्यासाठीं का समुद्र ओलांडला?" वर्गांत भूगोल शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

पारपत्रांवर शिक्के घेऊन १९०५ सालच्या पोलादी पुलावरून पलीकडे निघालों. नदी पुलाखालीं सुमारें १२८ मीटरांवर. कठड्यापाशीं थांबण्याचें धाडस आम्हीं केलें नाहीं. झिंबाब्वेच्या बाजूस मात्र पाणी बारमाही कोसळतें. आधीं आवाज आला, मग तुषार, आणि मग डोक्यावर ऊन असतां पाऊस! त्या तुषारांवर कड्यावरचें दाट रान पोसलें आहे. इंद्रधनुष्य पाहावयास मान खालीं घालावी लागली. तें घळींत होतें.

तेथील लोक ह्यास पूर्वींपासून 'मोसी-ओआ-तुन्या', म्हणजे गर्जणारा धूर, म्हणत. १८५५ सालीं लिव्हिंग्स्टन आला आणि त्यानें आपल्या व्हिक्टोरिया राणीचें नांव दिलें. राणी येथें कधीं आली नाहीं. जुनें नांव ज्यांनीं ठेवलें त्यांनीं तें ऐकून आणि पाहून ठेवलें. १९८९ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत नोंद केली ती दोन्ही नांवांनीं. लिव्हिंग्स्टनचा पुतळा ह्याच तीरावर आहे. १८७३ सालीं तो वारला, तेव्हां जेथें त्याचें हृदय पुरलें तेथील झाडावर त्याचें नांव कोरणारा जेकब वेनराइट हा गुलामगिरींतून सुटून आपल्या नाशिकजवळच्या शरणपुरांत शिकलेला आफ्रिकी तरुण होता, ही आठवण पुतळ्यापाशीं झाली.

परततांना मंडळींनींच झांबियाच्या बाजूस पुन्हां थांबावयास लावलें. भर पाण्याच्या दिवसांत तुषारांआड हा कडा दिसतच नाहीं, असें वाटाड्यानें सांगितलें होतें. ओली छत्री शेजारीं वाळत ठेवून त्या दिवस मावळेपर्यंत तो उघडा कातळ पाहत बसल्या.