रथाचा मालक आणि घाटाचा राजा

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, त्या आळेफाट्याच्या परिसरात, म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत, यात्रांच्या हंगामात भरणाऱ्या बैलगाडा शर्यती प्राचीन ऑलिंपियाशी आश्चर्य वाटावे इतक्या मिळत्याजुळत्या आहेत. इ. स. पू. 776 पासून ज्यांची नोंद सापडते त्या ऑलिंपिक स्पर्धा मुळात झ्यूस या देवाचा उत्सव होत्या. इकडेही थापलिंगच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो आणि गाडे पळतात.

साम्य देवापुरतेच नाही. ऑलिंपियात इ. स. पू. 680 पासून चार घोड्यांच्या रथांची शर्यत होत असे, आणि तिच्यातील ऑलिव्हच्या फांदीचा मुकुट जीव धोक्यात घालणाऱ्या सारथ्याला नव्हे, तर रथाच्या मालकाला मिळे. या नियमामुळेच, स्त्रियांना मैदानात उतरण्याची मुभा नसतानाही, स्पार्टाची राजकन्या किनिस्का इ. स. पू. 396 मध्ये विजेती ठरली. जुन्नरकडच्या घाटातही, म्हणजे शर्यतीसाठी बांधलेल्या चढणीच्या धावपट्टीवर, नाव गाजते ते गाडामालकाचे. फरक आहे तो मोजण्यात. ग्रीकांना पहिला कोण आला एवढेच हवे होते. येथे मात्र बैलांच्या दोन जोड्या आणि त्यांच्यापुढे घोडीस्वार असा एकेक गाडा आपापल्या बारीला, म्हणजे पाळीला, एकटाच धावतो, त्याची झुंज घड्याळाशी असते आणि सर्वांत कमी सेकंदांत घाट सर करणारा ‘घाटाचा राजा’ म्हणवला जातो.

1896 मध्ये अथेन्स येथे सुरू झालेल्या आधुनिक ऑलिंपिकने मान मालकाकडून खेळाडूकडे आणि त्याच्या देशाकडे नेला, परंतु खेळातून पैसा मिळवणाऱ्याला मज्जाव करणारा ‘हौशी’पणाचा नियमही आणला, जो ज्यांना कमवण्याची निकड नाही अशांनाच सोयीचा होता. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने दोराबजी टाटा यांच्या पाठबळावर 1920 च्या अँटवर्प स्पर्धेसाठी खेळाडू पाठवण्यात पुढाकार घेतला, तो याच काळात. पुढे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीला गेले ते लोकवर्गणीवर आणि कोल्हापूरचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशांवर. त्यांनी कुस्तीत कांस्यपदक, म्हणजे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले, आणि परतल्यावर त्यांच्या मिरवणुकीत शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या. हौशीपणाची ती अट 1980 च्या दशकात सैल झाली. आज पदकविजेत्यांना सरकारे रोख बक्षिसे देतात आणि घाटातही दुचाकी, ट्रॅक्टर लावले जातात, अर्थात ऑलिंपिक विजेत्याला अथेन्स नगरराज्य रोख रक्कम देत असे, हे लक्षात घेतले तर यात नवे फारसे काही नाही.

खरोखर नवा आहे तो धावणाऱ्या जनावराचा विचार. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली; महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, तरी प्रत्यक्ष परवानगी मिळण्यास डिसेंबर 2021 उजाडला, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि बैलांची वैद्यकीय तपासणी लागते. चाबूक, काठी किंवा विजेचा धक्का यांना मनाई आहे. ती कितपत पाळली जाते, हे प्रत्येक घाटाच्या आयोजकांवर अवलंबून आहे. याच सुमारास हा प्रश्न ऑलिंपिकसमोरही उभा राहिला होता: 2021 मध्ये टोकियोत आधुनिक पंचक्रीडेत, म्हणजे एकाच खेळाडूने पाच प्रकार करावयाच्या स्पर्धेत, बिथरलेल्या घोड्याला एका प्रशिक्षिकेने बुक्का मारल्याचे जगाने पाहिले आणि त्यानंतर पॅरिस 2024 ही घोडेस्वारीसह होणारी अखेरची पंचक्रीडा ठरवण्यात आली. तेथे घोड्याच्या जागी अडथळ्यांची शर्यत आली. जुन्नर-आंबेगावात अटी आल्या, बैल राहिले.