वेणीच्या टोकाचं वय

छत्रपती संभाजीनगरात कमरेपर्यंत पोचलेल्या कुठल्याही वेणीचं टोक घ्या. ते डोक्याच्या त्वचेतून बाहेर आलं तेव्हा या शहराचं नाव औरंगाबाद होतं. हिशोब सोपा आहे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, कुणाचा सव्वाही. कमरेपर्यंतचा केस म्हणजे ७० ते ७५ सेंटिमीटर, म्हणजे त्याच्या टोकाचं वय सहा वर्षांच्या आसपास. नामांतराला केंद्राची मंजुरी मिळाली फेब्रुवारी २०२३ मध्ये. त्याच केसाचा मुळाजवळचा सेंटिमीटर मात्र गेल्या महिन्यातला, कोवळा. टोकाने सहा उन्हाळे काढलेत आणि रोजची फणी सोसली आहे. आठवड्यातून दोनदा न्हाणं धरलं तर न्हाणीच सहाशेच्या वर गेली.

केस लांब वाढवायचे म्हटलं की सगळं लक्ष मुळांकडे जातं. मुळांना मालिश, मुळांना कांद्याचा रस, मुळांना औषध. आणि तक्रार ठरलेली : ‘खांद्याच्या खाली केस जातच नाहीत.’ जात नाहीत असं नव्हे, जातात आणि तुटतात. वर महिन्याला एक सेंटिमीटर नवा आला आणि खाली तेवढाच झडला, तर लांबी वर्षानुवर्षं तिथल्या तिथे राहणार. मुळं आपलं काम चोख करत असतात. गळती टोकाला असते.

ही गळती पकडायला प्रयोगशाळा लागत नाही. विंचरून झाल्यावर फणीतली गुंतवळ टाकून न देता पांढऱ्या कागदावर पसरा. ज्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरट गाठ दिसते तो मुळासकट आलेला केस. त्याचा काळ संपला होता, दिवसाला असे पन्नास ते शंभर केस जाणं हा शरीराचा रोजचा व्यवहार आहे. पण गाठ नसलेले, बोटाच्या पेराएवढे तुकडे दिसले तर ते गळलेले नाहीत, तुटलेले आहेत. या दोहोंची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ च्या सुमारास शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत गळून टक्कल पडू लागलं, ते मुळाचं दुखणं होतं. आधी संशय पाण्यावर गेला. पुढे, विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. असं काही झालं तर गाठायचा तो डॉक्टरच. तेलाच्या बाटलीचं ते काम नाही.

टोकाचं दुखणं मात्र निव्वळ झिजेचं. केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आत केराटिन या प्रथिनाचे लांब तंतू असतात आणि बाहेरून एकावर एक बसलेले पारदर्शक खवले. मुळाजवळ या खवल्यांचे सहा ते दहा थर असतात. सगळ्यात वरच्या खवल्यावर एका मेदाम्लाचा अतिशय पातळ लेप असतो, रसायनशास्त्रात त्याला १८-एमईए म्हणतात. नव्या केसाची चकाकी आणि निसरडेपणा बराचसा त्याचाच. हा लेप खवल्याला रासायनिक बंधाने चिकटलेला असतो. ब्लीच किंवा स्ट्रेटनिंगच्या तीव्र अल्कलीने तो एकदा निघाला की परत येत नाही, कारण त्वचेबाहेर आलेला केस मृत असतो. जखम भरते तसा केस भरत नाही. ‘दुभंगलेली टोकं जोडणारं’ म्हणून जे सिरम विकतात ते टोकं चिकटवतं, तेही पुढच्या न्हाण्यापर्यंत.

लेप गेला की केसाला केस घासतो. खवले कडेने उचकटतात, मग झडतात. टोकाकडे पुष्कळदा एकही थर उरत नाही आणि आतले तंतू उघडे पडतात. दोराच्या टोकाची गाठ सुटली की पीळ उलगडत जातो, तसंच पुढे होतं. आपण म्हणतो केसांना फाटे फुटले. चीर टोकावर थांबत नाही, ती वर सरकते. कधी टोकापासून बोटभर वर बारीकसा पांढरा ठिपका दिसतो. तिथले तंतू आतून विस्कटलेले असतात आणि केस पुढे तिथेच तुटतो.

झिजेला आपल्याकडचं ऊन हातभार लावतं. अतिनील किरणं केराटिनमधले गंधकाचे बंध तोडतात, आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या दुपारी केसातलं पाणीही उडालेलं असतं. जालना रोडवर स्कूटीवरून जाणाऱ्या मुली पाहा. चेहरा, कान, कपाळ स्कार्फमध्ये असं गुंडाळलेलं की फक्त डोळे दिसावेत. आणि वेणी? ती स्कार्फखालून बाहेर, क्रांती चौकापासून सिडकोपर्यंत वाऱ्यावर फडफडत, पाठीवरच्या सॅकच्या चेनवर घासत. सगळ्यात कोवळा केस झाकलेला आणि सगळ्यात म्हातारा उघड्यावर! वेणी कुडत्याच्या आत घेतली तर फुकटात काम होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुली दोन वेण्या दुमडून लाल रिबिनीने कानाशी बांधतात, त्यात टोकं आपोआप आत जातात. अंबाड्याचंही तसंच. लांब केस सांभाळायची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. मात्र अंबाडा घट्ट ओढून बांधला तर कपाळाकडची मुळं कुरकुरतात.

मग फणी. केस तुटण्यावर अमेरिकेत क्लॅरन्स रॉबिन्स आणि यश कामत यांनी काम केलं आहे. सरळ ते किंचित कुरळ्या केसांत कोरडं विंचरताना जास्त करून टोकाजवळचे आखूड तुकडे तुटतात, ओलं विंचरताना आखूड तुकडे कमी होतात पण लांब तुकडे वाढतात. कोरड्या केसांत फणी वरून खाली ओढली की वाटेतले सगळे गुंते खाली सरकत टोकाशी गोळा होतात आणि तिथे टोकं एकमेकांभोवती वळसे घेतात. ओला केस फुगलेला असतो, जास्त ताणला जातो आणि मधूनच तुटतो. घरातली जाणती बाई वेणी घालताना बट मुठीत घट्ट धरून मुठीखालचा गुंता आधी सोडवते, मग मूठ चार बोटं वर. मुलीला दुखू नये म्हणून ती तसं करते, पण त्यात टोकंही वाचतात. फणी मोठ्या दातांची हवी. न्हाल्यावर टॉवेलने केस झटकायची सवय असेल तर ती सोडलेली बरी. जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पाणी टिपून घ्यावं.

आता तेल. इथे मुंबईचा संबंध येतो. मॅरिको कंपनीतल्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना छापली. केसातून किती प्रथिन निघून जातं ते त्यांनी मोजलं. न्हाण्याआधी लावा की नंतर, केस धड असो की ब्लीच केलेला, ही झीज कमी केली ती फक्त खोबरेलाने. ही कंपनी खोबरेल विकून मोठी झाली आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावं. मीही ठेवतो. पण कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलात मुख्य आहे लॉरिक आम्ल. त्याचा रेणू लहान आणि सरळ, त्यामुळे तो केसाच्या आत शिरतो. सूर्यफुलाच्या तेलातला लिनोलिक आम्लाचा रेणू मोठा आणि वाकडा, खनिज तेलाला प्रथिनांची ओढच नाही. दोन्ही बाहेर बसून राहतात. तेल आत गेलं की न्हाताना केस पाणी कमी पितो, फुगणं-आकसणं कमी होतं आणि खवले कमी उचकटतात. म्हणून तेल न्हाण्याआधी लावायचं. आदल्या रात्री किंवा दोन तास आधी, कानाखालच्या भागाला, चार-पाच थेंब. टाळूवर वाटीभर ओतून टोकं कोरडी ठेवण्यात काही हशील नाही.

मराठवाड्याला नारळाचा शेजार नाही. इथलं पिढीजात तेल करडईचं. ताटात ते उत्तम. पण त्यातही लिनोलिक आम्लाचंच प्रमाण मोठं, तेव्हा केसाच्या आत जाण्याच्या बाबतीत ते सूर्यफुलाच्या पंगतीला बसणार. ते टोकांवर निसरडा थर देतं आणि घर्षण कमी करतं, तेवढा उपयोग आहेच. डिसेंबरच्या सकाळी बाटलीत गोठलेलं, खिडकीतल्या उन्हात ठेवून वितळवावं लागणारं खोबरेल मात्र पैसे वसूल करतं.

पाण्याबद्दल या शहरात बोलावं तेवढं थोडं. पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी येतं, पण अनेक वसाहतींत नळाला ते कितीतरी दिवसांनी. मधल्या दिवसांत ड्रम, टँकर आणि बोअर. काळ्या पाषाणाच्या भेगांतून आलेलं बोअरचं पाणी जड. गीझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या काठावर पांढरा थर धरतो, ते त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. ‘बोअरच्या पाण्याने केसांची वाट लागली’ हे इथे घरोघरी ऐकू येतं. संशोधन इतकं ठाम नाही. कोइम्बतूरच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये जड पाण्यातल्या आणि ऊर्ध्वपातित पाण्यातल्या केसांची ताकद मोजली, फरक आढळला नाही. २०१८ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधकांना जड पाण्यातले केस कमकुवत झालेले दिसले. माझ्या मते नुसत्या पाण्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याची साबणाशी गाठ पडली की गडबड होते. कॅल्शियम आणि साबण मिळून चिकट साका तयार होतो. झिजलेल्या टोकांवर ऋण विद्युतभार जास्त असतो, त्यामुळे कॅल्शियमही तिथेच जास्त बसतं. टोकं राठ लागतात, एकमेकांत अडकतात आणि फणीखाली तुटतात.

अंगाचा साबण केसांना लावू नये, हा सल्ला म्हणूनच खरा. शिकेकाई आणि रिठ्यातल्या फेस देणाऱ्या द्रव्यांचा जड पाण्यात असा साका होत नाही. शिकेकाई शिवाय आम्लधर्मी असते, ते केसाला मानवतं. बोअरचंच पाणी असेल तर शेवटचा एक तांब्या तरी धरणाच्या पाण्याचा घ्यावा, त्यात लिंबाचे थोडे थेंब टाकून. आरओमधून बाहेर पडणारं वाया पाणी मात्र केसांवर नको. फरशी पुसायला ते ठीक, क्षार त्यात मूळ पाण्याहून जास्त असतात. आणि कंडिशनर फक्त टोकांना. त्यातले धन भाराचे रेणू ऋण भाराच्या टोकांकडे आपणहून ओढले जातात. लांब केसांसाठी बाजारातल्या बाटल्यांपैकी हीच एक मी हौसेने घ्यायला सांगेन.

उरली कात्री. टोकं कापली की केस भराभर वाढतात, असं सर्रास सांगितलं जातं. कापल्याचा निरोप मुळापर्यंत जात नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच दाढीच्या बाबतीत हे मोजून दाखवलं होतं. तरी कापावं, कारण चीर वर चढते. दर चार महिन्यांनी एक सेंटिमीटर कापला तर वर्षाला तीन गेले, वाढले बारा, हाती नऊ. खांद्यापासून कमरेपर्यंतचे ४५ सेंटिमीटर गाठायला पाच वर्षं लागतील. न कापता चारच लागली असती, पण कागदावर. कापड कापायची बोथट कात्री केस चिरडते आणि नवा फाटा तिथूनच फुटतो. पार्लरमध्ये स्टेप कट घेतला तर टोकं कानापासून पाठीपर्यंत विखुरतात, मग निगा कुठे कुठे राखणार?

एवढं करूनही एखाद्या वेणीची लांबी पुढे सरकत नाही. प्रत्येक केसाचा वाढीचा काळ ठरलेला असतो, बहुतेकांचा दोन ते सात वर्षं. प्रयागराजच्या स्मिता श्रीवास्तव यांच्या २३६.२२ सेंटिमीटर केसांची २०२३ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली, ती वेगाच्या जोरावर नव्हे. महिन्याला एक सेंटिमीटरच्या चालीने तेवढ्याला १९-२० वर्षं लागतात आणि तितका काळ न गळणारा केस फार थोड्यांच्या नशिबी. तेव्हा गुंतवळीत लांबच लांब, एका टोकाला पांढरी गाठ आणि दुसऱ्या टोकाला फाटा नसलेले केस येत असतील, तर वेणी आपल्या मुक्कामाला पोचली आहे. महागडं तेल तिला आणखी पुढे नेणार नाही.