पाण्यात काही लोंबकळू नये

आदिलाबादच्या वाचकाला स्कूबा शिकायचं असेल, तर एक चांगलं ठिकाण म्हणजे मालवणजवळचं तारकर्ली. तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं (एमटीडीसी) प्रशिक्षण केंद्र आहे. पहिल्या डाइव्हला प्रशिक्षक सगळं बांधून देतात. स्वतःची साधनं घेतल्यावर मात्र ती अडकवायची कशी, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

हवेचा दाब दाखवणारं गेज कमरेच्या डाव्या बाजूच्या डी-रिंगला, म्हणजे पट्ट्यावरच्या D आकाराच्या कडीला, लावा. ते मोकळं सोडलं तर प्रवाळावर घासत जातं, आणि तुटलेलं प्रवाळ पुन्हा वाढायला वर्षं लागतात. जोडीदाराला श्वासासाठी द्यायचा पर्यायी रेग्युलेटर हनुवटी आणि खालच्या बरगड्या यांच्यामध्ये असावा, एका झटक्यात सुटेल असा.

अडकवायला बोल्ट स्नॅप, म्हणजे खिटी मागे ओढली तरच उघडणारा हूक, घ्या, स्टेनलेस स्टीलचा. ट्रेकिंगचं कॅराबिनर नको. त्याचं तोंड आत दाबलं की उघडतं, त्यामुळे दोरी किंवा हरवलेलं मासेमारीचं जाळं आपसूक आत शिरतं. कोकण किनाऱ्यावर हा धोका खरा आहे. स्नॅप साधनाला थेट धातूच्या कडीने जोडू नका. मध्ये नायलॉनची बारीक दोरी बांधा. स्नॅप गच्च बसला तर दोरी कापता येते, धातू कापता येत नाही. म्हणून चाकू दोन्ही हातांना पोहोचेल अशा जागी हवा.

फ्लोरिडाच्या गुहांत डाइव्ह करणाऱ्या विल्यम होगार्थ मेन यांच्या नावावरून ‘होगार्थियन’ म्हटली जाणारी पद्धत याहून कडक आहे: ज्याची गरज नाही, ते बरोबर न्यायचंच नाही. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी.